टायरची जन्मतारीख

२०१९ च्या जून महिन्यातली गोष्ट. ईद होऊन आठवडा झाला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. भाचीच्या लग्नासाठी आम्ही सोलापूरहून पुण्याला निघालो होतो. गाडी माझीच, छोटी, सेकंडहँड घेतलेली. पुतण्या चालवत होता, शेजारी मी. मागे अम्मी, पत्नी आणि धाकटी मुलगी. डिकीत आहेराच्या पिशव्या आणि शिदोरीचे डबे. टेंभुर्णी मागे पडली आणि मागच्या डाव्या बाजूला असा काही आवाज झाला, की अम्मीनं नातीला पोटाशीच ओढलं. गाडी रस्त्यावर नागमोडी वळवळू लागली. पुतण्यानं एक शहाणपणा केला. ब्रेकवर पाय मारला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि वेग आपोआप उतरू दिला. बऱ्याच अंतरावर आम्ही कडेला थांबलो. मागून ट्रक येत नव्हता, हे आमचं नशीब.

टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या चिंध्यांवरची नक्षी चांगली खोल होती. टायर गोटा झाला की फुटतो, एवढंच मला ठाऊक होतं. हा तर नव्यासारखा दिसत होता. गाडीचे आधीचे मालक डॉक्टर. घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, एवढीच ती फिरलेली. टायर चांगले आहेत म्हणून मी व्यवहारात चार पैसे जास्तच मोजले होते.

लग्न उरकून परत आल्यावर तो फाटका टायर घेऊन मी आमच्याकडच्या एका छोट्या टायरच्या दुकानात गेलो. तिथल्या वयस्कर मिस्त्रींना सगळे मामू म्हणतात. मामूंनी टायर मांडीवर घेतला, चाळीशी कपाळावरून नाकावर ओढली आणि आतल्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, “सर, नक्षी काय बघता? जन्म बघा.”

बोटाखाली एक लंबगोल चौकट होती. तिच्यात चार आकडे : ३२११. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०११ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये, हा टायर जन्माला आला होता. आठ वर्षांचा म्हातारा आम्ही पाच माणसांच्या ओझ्याखाली जूनच्या उन्हात पळवत होतो.

टायर चालून झिजतो तसा नुसता उभा राहूनही म्हातारा होतो. रबर ही हवेशी, उन्हाशी आणि उष्णतेशी सतत झगडणारी वस्तू आहे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला हळूहळू कडक करतात. म्हणून कारखान्यात रबरात काही रक्षक द्रव्यं आणि मेण मिसळतात. चाक फिरतं, टायर दबतो, सैल होतो, तेव्हा ती द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, की हे काम मंदावतं. मग कडेला बारीक चिरा पडतात, दुष्काळातल्या तळ्याच्या तळाशी पडतात तशा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर ते कसेही दिसोत, बदलावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्याकडचं ऊन आणि रस्ते पाहता मी स्वतः सहा वर्षांपुढे जाणार नाही. डिकीतल्या स्टेपनीलाही हेच लागू. तीही अंधारात म्हातारी होतच असते.

पण वय हे एकच कारण नव्हतं. “हवा कधी बघितली होती?” मामूंनी विचारलं. मी आठवू लागलो. ईदच्या आधी कधीतरी. की रमजानच्याही आधी? टायर फुटण्याचं मूळ बहुतेक वेळा कमी हवेत असतं. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार हातानं पुन्हापुन्हा वाकवली तर ती जशी तापते, तशी ही कड आतून तापते. त्यात वेग, ओझं आणि तापलेला डांबरी रस्ता. आतले धागे सुटू लागतात आणि एका क्षणी कड फाटते. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून ती कमी ठेवा, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते चुकीचं आहे. टायर तापल्यावर दाब थोडा वाढणार, हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलंच असतं. योग्य दाब किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं असतं. पूर्ण ओझ्याचा आकडा वेगळा असतो, तोही तिथंच. टायरवर छापलेला सर्वाधिक दाबाचा आकडा म्हणजे तुमच्या गाडीचा दाब नव्हे. आणि हवा तपासायची ती टायर थंड असताना. रेडियल टायरची कड तशीही थोडी फुगलेली दिसते, त्यामुळे लाथ मारून किंवा नुसतं बघून काही कळत नाही. नायट्रोजन भरावा का, असं विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या. पण पंधरवड्यानं दाब बघणं सोडू नका.

आता खरेदी. टायरच्या कडेवर एक ओळ असते. माझ्या टायरवर होती : १६५/८० आर १४ ८५ टी. मी कवी माणूस, आकड्यांशी माझं फारसं जमत नाही. पण एका ओळीत एवढा आशय कोंबणारा कवी मला अजून भेटलेला नाही. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे कडेची उंची, पण ती रुंदीच्या टक्केवारीत. १६५ चे ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे ज्या रिमवर तो बसतो, तिचा व्यास इंचांत. ८५ हा ओझ्याचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ एका टायरला ५१५ किलो. आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर ही त्याच्या वेगाची मर्यादा. रेडिओवर ऐकताना हे डोक्यात राहणार नाही, राहायची गरजही नाही. दुकानात जाताना आपल्या गाडीच्या पुस्तिकेतली ओळ कागदावर उतरवून न्या. ओझ्याचा आकडा आणि वेगाचं अक्षर त्याहून कमी दर्जाचं घेऊ नका. शेजारच्यानं रुंद टायर बसवले म्हणून आपणही बसवावेत, हा मोह आवरा. टायरचा बाहेरचा व्यास बदलला तर स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो आणि टायर वळणावर आत घासायची भीती असते. आयएसआयचं चिन्ह पाहा, ते आपल्याकडे सक्तीचं आहे.

हे सगळं शिकून मी आधी एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेलो. तिथं सवलतीची पाटी होती. मी टायर फिरवून चार आकडे शोधू लागलो, तर ते कडेवर दिसेनात. पूर्ण क्रमांक पुष्कळदा एकाच बाजूला असतो. दुसरी बाजू दाखवा म्हटल्यावर विक्रेता हसून म्हणाला, “साहेब, टायरचं वय कशाला विचारता, सोयरीक करायचीय का?” शेवटी टायर उलटला. तीन वर्षांचा निघाला. सवलतीचं रहस्य तेच होतं. सावलीत नीट ठेवलेला टायर तीन वर्षांत वाया जातो असं नाही. पण मी पैसे नव्याचे मोजायचे आणि त्याच्या आयुष्यातली तीन वर्षं आधीच गुदामात गेलेली, हा हिशेब मला पटेना. वर्षाच्या आतला असेल तरच घ्यायचा, असं ठरवून मी मामूंकडे परतलो.

खरं तर मला एकच टायर घ्यायचा होता. फुटला एकच. लग्नाच्या खर्चानं खिसा हलका झालेला. मामूंनी उरलेल्या तिन्हींवर बोट फिरवलं : तेही २०११ चेच. स्टेपनीसुद्धा. “एकाची मय्यत झाली, बाकीचे काय जवान आहेत?” मी गप्प बसलो. चार नवे घेतले, स्टेपनीचा पाचवा दोन महिन्यांनी घेतला.

ज्यांना दोनच बदलता येतात, त्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. नवे दोन टायर मागे लावायचे. पुष्कळ जण पुढे लावतात. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, वळायचं पुढच्या चाकांनी, मग चांगले टायर तिथंच हवेत, असं वाटतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते, पाय सैल केला की बरेचदा सावरते. मागची पकड सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात राहत नाही.

नक्षीबद्दलही दोन शब्द. गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. कोरड्या रस्त्यावर नक्षीचं काम फारसं नसतं. ती असते पाण्यासाठी. खाचांमधून पाणी बाहेर फेकलं गेलं नाही, तर टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो आणि ब्रेक, स्टिअरिंग सगळं निरर्थक ठरतं. नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. पण १.६ ही शेवटची रेघ आहे. पावसाळ्यात कोकणात उतरायचं असेल, तर तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर घेऊन घाट उतरू नये, असं माझं मत.

जुन्या बाजारात गोटा झालेल्या टायरवर गरम हत्यारानं पुन्हा नक्षी कोरून देतात. दिसायला सुरेख. पण कोरलेलं ते रबर आतल्या पट्ट्यांचं रक्षण करण्यासाठी ठेवलेलं असतं. वडापवाले असे टायर घेतात ते मूर्ख म्हणून नव्हे. नव्याची किंमत आणि दिवसाची कमाई यांचा मेळ बसत नाही म्हणून. तरी त्या जीपमध्ये दहा-बारा माणसं बसतात आणि त्यांतलं कुणीही खाली वाकून बघत नाही. मीही कित्येक वर्षं बसलो, कधी वाकलो नाही.

टायर बसवताना व्हॉल्व्ह नवा घ्या, तो स्वस्त असतो. बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर महागाचा टायर एका बाजूनं सहा महिन्यांत खरवडून निघतो. बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्या. वॉरंटीचा प्रश्न आला तर उपयोगी पडतात. जुने टायर गच्चीवर टाकू नका. त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासांची सोय होते.

त्या चार टायरांवर आकडे होते : १११९. मार्च २०१९ चे. म्हणजे त्यांनाही आता सहा वर्षं उलटून गेली. नक्षी अजून निम्मी शिल्लक आहे. गाडी फार फिरतच नाही. बदलायला हवेत हे कळत होतं, पण जीव होत नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा लगेच जाईन असं ठरवलं होतं. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे, गर्दी ओसरू दे. परवा अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. गाडी काढताना खाली वाकून पाहिलं, तर मागच्या टायरच्या कडेला केसाएवढी एक चीर. दाखवून परत आल्यावर मामूंना फोन लावला. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, फोन मुलाच्या हातात असतो.

“चाचा, साइज बघून सांगता का?” तो म्हणाला.

खाली जायची गरज नव्हती. मी सगळी ओळ पाठ म्हणून दाखवली.