दोन दारांची मोठी गाडी रोज चालवायची तर

डेट्रॉईटच्या आसपास बर्फ वितळायला लागला की पाडव्याचा कार्यक्रम येतो आणि त्या कार्यक्रमात कुणीतरी तरुण मुलगा मला श्रीखंडाच्या रांगेत गाठतो. नोकरीला तीन-चार वर्षं झालेली, लग्न झालेलं किंवा ठरलेलं. "काका, डॉज चॅलेंजर घ्यावी म्हणतोय. रोज ऑफिसला न्यायला चालेल ना?"

ती गाडी किती सेकंदांत किती वेग घेते हे त्याला तोंडपाठ असतं. तिचं दार किती लांब आहे हे विचारलं की तो माझ्याकडे बघत राहतो. मी या शहरात बरीच वर्षं गाड्यांच्या धंद्यात काढली, आणि माझ्या मते रोजच्या वापराचा निकाल इंजिनापेक्षा दारावर जास्त लागतो. आपणही अशाच विचारात असाल, तर कोणत्या क्रमाने काय तपासावं ते सांगतो.

आधी गाडीची ओळख. कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या छपराची गाडी. चॅलेंजर हे नाव १९७० सालचं. आताच्या रूपातली गाडी २००८मध्ये आली, कॅनडात ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टनला बनत राहिली आणि डिसेंबर २०२३मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आपल्याला मिळेल ती बहुतेक वापरलेलीच.

कूपे गाड्यांत ही थोराड. लांबी १९७.९ इंच, म्हणजे पाच मीटरच्या किंचित वर. त्याच काळातली फोर्ड मस्टँग हिच्यापेक्षा नऊ इंचांनी आखूड. चॅलेंजरची डिकी १६.२ घनफुटांची, मस्टँगची १३.५ आणि शेव्हरोले कमॅरोची जेमतेम ९.१. मागच्या सीटवर पायांना ३३ इंच जागा मिळते, मस्टँगमध्ये २९. म्हणून "कूपेत मागे माणूस बसतच नाही" हे वाक्य हिला लागू पडत नाही. बसतो. आत शिरतो कसा, तो प्रश्न वेगळा.

पहिलं काम: एक आठवडा वही ठेवा. रोज गाडीत कोण बसलं, कुठे बसलं, किती मैल, शहरात की हायवेवर आणि गाडी कुठे उभी केली, एवढंच लिहायचं. मनाशी आपण धरून चालतो की आपण एकटेच ऑफिसला जातो. वहीत मात्र बुधवारी दोन सहकाऱ्यांना जेवायला नेलेलं असतं, शनिवारी विमानतळावरून कुणालातरी आणलेलं असतं. महिन्यातून एकदा कुणी मागे बसत असेल तर काळजी नको. आठवड्यातून तीनदा बसत असेल तर पुढचा मजकूर दोनदा वाचा.

दुसरं काम: मोजपट्टी. गाडीची रुंदी आरसे सोडून ७५.७ इंच. इथल्या पार्किंगचा पट्टा बहुधा नऊ फुटांचा, म्हणजे १०८ इंचांचा. गाडी अगदी मध्यभागी लावली तरी दोन्ही बाजूंना सोळा-सोळा इंच उरतात. शेजारच्यानेही नीट लावली असेल तर त्याच्या बाजूचे पंधरा-सोळा इंच आपल्या उपयोगी पडतात. तो पट्ट्याला खेटून उभा असेल तर काहीच नाही.

इथे दाराची लांबी आड येते. चार दारांच्या गाडीचं पुढचं दार आखूड असतं. कूपेचं एकच दार पुढच्या-मागच्या दोघांचं काम करतं, त्यामुळे ते चार फुटांच्या आसपास जातं. फट तेवढीच ठेवून दार लांब केलं की ते उघडण्याचा कोन कमी होतो, आणि माणूस शिरतो तो कोनातून. दोन फुटांच्या फटीत आखूड दार ऐसपैस उघडतं. लांब दार अर्धवटच उघडतं आणि आपण पोट आत घेऊन, तिरके होऊन बाहेर येतो.

यावर सगळे एकच उपाय करतात: गाडी दूर, रिकाम्या कोपऱ्यात लावायची आणि चालत यायचं. मे महिन्यात छान वाटतं. जानेवारीत, हातात दुधाचे दोन कॅन घेऊन नाही.

घरचं गॅरेजही मोजून घ्या. वीस फूट खोल गॅरेजमध्ये साडेसोळा फुटांची गाडी शिरली की साडेतीन फूट उरतात. त्यात बर्फ उडवायचं यंत्र, कचऱ्याचे डबे, मुलांच्या सायकली आणि आपल्या घरात असतेच ती तांदळाची गोणी. कागदावरची खोली मोजू नका. सामान जसं आहे तसं ठेवून मोजा.

तिसरं काम मागच्या सीटचं, आणि याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढची सीट खटका ओढून पुढे सरकवा, स्वतः मागे जाऊन बसा आणि दहा मिनिटं बसून राहा. पाय मावतात, पण खिडकी लहान आणि छप्पर उतरतं असल्यामुळे अंधारून येतं. उंच माणसाचं डोकं छताला लागतं. मग बाहेर या. आत जाताना आपण वाकलो होतो. बाहेर येताना एक पाय जमिनीवर, एक आत, हाताला धरायला काही नाही, आणि तशा स्थितीत गुडघ्यांवर जोर देऊन उठायचं असतं.

आता ही हालचाल आपल्या आईला करायला लावून बघा. हिवाळा टळला की अनेकांचे आईवडील सहा महिन्यांसाठी पुण्याहून, नाशिकहून येतात. माझ्या ओळखीतल्या एका घरी आई नऊवारीत मंदिरात निघाल्या. पहिल्या रविवारी हसत हसत मागे शिरल्या. दुसऱ्या रविवारी सून मागे गेली आणि सासूबाई पुढे. तिसऱ्या रविवारी दोघी सुनेच्या साध्या गाडीने गेल्या आणि कूपेवाला मुलगा मागून एकटा आला.

लहान बाळ असेल, किंवा येणार असेल, तर बाळाची सीट घेऊनच गाडी बघायला जा. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवावी लागते आणि ती अडकवायची लोखंडी कडी मागच्या सीटच्या फटीत असतात. सीट एकदा बसते, त्यात अडचण नाही. अडचण रोजची आहे. झोपलेलं बाळ छातीशी धरून, अर्ध्या उघड्या दारातून वाकून, कमरेतून वळून त्याला आत ठेवायचं. दुकानात एकदा करून बघितलं की जमल्यासारखं वाटतं. सलग पाच वेळा करा. कंबर स्वतःच उत्तर देईल.

इथेच उत्तर "नाही" आलं, तर तीच इंजिनं असलेली चार दारांची डॉज चार्जर बघा. लांबी जवळपास तेवढीच, पण मागच्यांना स्वतःचं दार आहे. चार्जर सुचवली की पोरांचे चेहरे पडतात, हेही सांगून ठेवतो.

चौथं काम इंजिन निवडायचं. ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन ३०५ हॉर्सपॉवर देतं. त्याचे सरकारी आकडे शहरात गॅलनला १९ मैल आणि हायवेवर ३०. ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं 'हेमी', ऑटोमॅटिक गिअरसह, ३७२ हॉर्सपॉवरचं आहे आणि १६ व २५ मैल देतं. त्यावरचं ६.४ लिटरचं ४८५ हॉर्सपॉवरचं. हेलकॅट नावाची ७०० हॉर्सपॉवरच्या वरची जी जात आहे ती रोजच्या वापरासाठी विचारात घेऊच नका.

हेमी हायवेवर बरा आकडा देतं, कारण एकसारख्या वेगात जाताना ते आठपैकी चार सिलिंडर स्वतःच बंद ठेवतं. सिग्नल-सिग्नलच्या रस्त्यावर याचा उपयोग शून्य. म्हणून विक्रेता हायवेचा आकडा सांगेल तेव्हा आपण वही उघडून आपले मैल कुठले आहेत ते बघावं.

हिशेब करू. वर्षाला १२,००० मैल धरले आणि शहर-हायवे मिळून हेमीचे १९ मैल धरले, तर सुमारे ६३० गॅलन गॅस लागेल. ३२ मैल देणाऱ्या साध्या सेडानला ३७५. गॅलन साडेतीन डॉलर धरला तर फरक वर्षाला ९०० डॉलरच्या घरात जातो. शिवाय ऑक्टेनचा मुद्दा आहे. इंजिनात गॅस वेळेआधी पेटू नये यासाठीची त्याची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. सहा सिलिंडरला साधा ८७चा चालतो, ५.७ला कंपनी ८९ सुचवते, ६.४ला ९१. प्रत्येक पायरीला पंपावरचा दर चढतो. रोजच्या वापराला मी सहा सिलिंडरचं इंजिन सुचवतो. ते घेतलं की "मग चॅलेंजर घेतलीच कशाला" असं म्हणणारे भेटतात. त्यांना आपला हप्ता भरायचा नसतो.

पाचवं काम पुष्कळ जण उलट्या क्रमाने करतात: आधी गाडी, मग विमा. विक्रेत्याकडून गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक मागून घ्या आणि पैसे देण्याआधी विमा कंपनीकडून त्या क्रमांकावरच हप्ता काढून घ्या. एकाच गाडीच्या दोन इंजिनांना हप्ता सारखा नसतो. चोरीचाही विचार करा. हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने २०२३मध्ये सांगितलं की २०२० ते २०२२च्या चार्जर हेलकॅटची चोरी होण्याची शक्यता सरासरी गाडीच्या साठपटींहून जास्त आहे. चॅलेंजर तिचीच बहीण.

सहावं काम हिवाळ्याचं. ही गाडी मुळात मागच्या चाकांनी ढकलली जाते आणि इंजिनाचं वजन पुढे असतं. बर्फावर ढकलणाऱ्या चाकांवरच भार कमी, म्हणून ती गरगरतात आणि शेपटी बाजूला सरकते. चारही चाकांना ताकद देणारी चॅलेंजर २०१७पासून मिळू लागली, पण फक्त सहा सिलिंडरच्या इंजिनासह. मिशिगनसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला माझं बोट तिच्याकडेच जाईल.

मागच्या चाकांचीच घ्यायची असेल तर हिवाळी टायरचा वेगळा संच खर्चात धरा. उन्हाळी टायरचं रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होतं, बर्फ नसला तरी. मी माझ्या जुन्या कूपेवर ते नोव्हेंबरअखेरपर्यंत "अजून आठवडाभर" म्हणत ठेवले होते. कोरड्या रस्त्यावर, स्वतःच्याच गल्लीच्या वळणावर, गाडी सावकाश फिरून शेजाऱ्याच्या टपालपेटीला टेकली. टपालपेटी मी बदलून दिली. टायर त्याच दुपारी बदलले.

टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला शिका. २४५/४५ आर २० म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, रिम २० इंची. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामध्ये ११० मिलिमीटर रबर. सहा सिलिंडरच्या साध्या गाडीवरच्या २३५/५५ आर १८मध्ये १२९. हे १९ मिलिमीटर म्हणजे एका बोटाची जाडी, पण मार्चमधल्या खड्ड्यात रिम वाकणार की वाचणार हे तेवढ्यावर ठरतं. दिसायला वीस इंची चाकं देखणी, यात वाद नाही.

सातवं काम: अशी गाडी शुक्रवार ते सोमवार भाड्याने घ्या. शोरूमभोवतीच्या दहा मिनिटांच्या फेरीत फक्त इंजिन बोलतं. बसल्यावर आधी आरसे लावा. डोकं खिडकीच्या काचेला टेकवून डावा आरसा आपल्या गाडीची कड दिसेनाशी होईपर्यंत बाहेर वळवा. उजव्यासाठी डोकं गाडीच्या मध्याकडे नेऊन तेच करा. या गाडीचा मागचा खांब जाड आहे, खांद्यावरून वळून पाहिलं तरी अख्खी गाडी त्यामागे लपते. बाजूची गाडी ओळखून आरशात दिवा लावणारी सोय काही गाड्यांतच आहे, आपल्या गाडीत आहे का ते विचारून घ्या.

मग आठवड्याच्या वहीतली सगळी कामं या गाडीने करा. किराणा भरा. डिकी खोल आहे, पण तिचा उंबरठा उंच, त्यामुळे तांदळाची गोणी आधी वर उचलून मग आत उतरवावी लागते. ऑफिसच्या पार्किंगच्या चक्राकार चढावर न्या. सकाळी सहाला सुरू करा आणि घरात कुणाला जाग येते ते बघा.

हे सगळं पार पडूनही मन तिथेच असेल, तर खुशाल घ्या. शेवटचं काम तपासणीचं. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा. डेट्रॉईट शहराखाली सुमारे बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात रस्त्यांवर इतकं मीठ पडतं की गाडी खालून गंजते, वरून चकचकीत राहते. ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या आसाभोवतीचे सांधे टॉर्च मारून बघायला सांगा. हेमी असेल तर थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा. आपण पोचण्याआधीच ते गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. टिक-टिक आवाज येऊन तापल्यावर थांबला तर बहुधा धुराच्या नळीचा बोल्ट तुटलेला असतो. तापल्यावरही राहिला तर आतले भाग झिजलेले असू शकतात, आणि ते काम महागाचं आहे.

सगळ्यात शेवटी टायरची जन्मतारीख. कडेवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पुढचे दोन टायर २०१९चे आणि मागचे दोन २०२३चे दिसले, तर मागचे इतक्या लवकर कसे संपले ते विचारा. "गाडी फक्त रविवारी बाहेर काढायचो," असं उत्तर येईल. रविवारी काय करायचात, तेही विचारा.