टाकळा, शेवळं, करांदे : आरेच्या पाड्यांचं अन्नशास्त्र

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडून आठवडा झाला, की जोगेश्वरी पूर्वेच्या बाजारात नव्या पाट्या दिसू लागतात. कोबी, फ्लॉवर, सिमला मिरचीच्या गाड्यांमध्ये जिथे जागा मिळेल तिथे कापड अंथरून आदिवासी बायका बसतात. समोर टाकळ्याचे वाटे, कुलूच्या जुड्या, शेवळांच्या मोळ्या आणि बाजूला आंबट काकडं. काही जणी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडपलीकडच्या आरेच्या पाड्यांवरून येतात, काही पहाटेच्या लोकलने वसई-पालघरकडून. आषाढात कुरडू आणि भारंगी येते, श्रावणात कंटोळी, पाऊस सरल्यावर करांदे. पेरणी, खत, फवारणी यांतलं काहीही न लागलेली ही भाजी चार महिने मुंबईच्या एका गजबजलेल्या उपनगराला खाऊ घालते.

घेणाऱ्यांमध्ये कोकणातून येऊन मजास, मेघवाडी, शंकरवाडीत स्थायिक झालेली कुटुंबं पुष्कळ. त्यांना या भाज्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. नव्या गिऱ्हाइकाला मात्र पाटीमागची बाई भाजीबरोबर दोन वाक्यं हमखास देते. खोकला असेल तर भारंगी ने. टाकळा कोवळा आहे तोवरच खा. शेवळं काकडाशिवाय करू नको. या दोन वाक्यांत एक संपूर्ण अन्नशास्त्र आहे, आणि ते आजही मुख्यतः तोंडीच चालतं.

चीनने काय केलं

अन्न आणि औषध यांत भिंत न घालणाऱ्या परंपरा जगात अनेक आहेत. त्यांतली फार जुनी आणि फार नीट नोंदवलेली परंपरा चीनची. ‘चौ ली’ या प्राचीन ग्रंथात राजदरबारच्या वैद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत आणि त्यांत पहिला मान आहारवैद्याला आहे. सातव्या शतकातला थोर वैद्य सुन सिमिआओ याने आपल्या ग्रंथात आहारोपचारावर स्वतंत्र भाग लिहिला. आधी रोगाचं मूळ ओळखा, मग अन्नाने उपचार करा, आणि अन्नाने भागलं नाही तरच औषधाकडे वळा, हे त्याचं सूत्र. पुढे १३३० मध्ये हू सिहुई याने मंगोल बादशहासाठी पथ्यकर पदार्थांचा मोठा ग्रंथ सादर केला.

या विचाराचा पाया आपल्या आजीला परका वाटला नसता. पदार्थ उष्ण किंवा शीत असतो, चवीनुसार तो शरीरावर काम करतो, ऋतू बदलला की ताट बदलावं. चिनी घरात उन्हाळ्यात हिरव्या मुगाचं पातळ सूप करतात आणि थंडी बाधली की आल्याचा काढा. आपल्याकडे उन्हाळ्यात कोकमाचं सरबत असतं आणि हिवाळ्यात डिंकाचे लाडू.

चीनने मात्र हे ज्ञान आधुनिक राज्यव्यवस्थेतही लिहून ठेवलं. २००२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने अन्नही आणि औषधही असलेल्या ८७ पदार्थांची अधिकृत यादी जाहीर केली. नंतर भर पडत ती शंभरापुढे गेली. या यादीत आलं, लवंग आणि काळी मिरी आहे. आपला आवळा आहे. तिकडे आमांशावर दिली जाणारी घोळीची भाजीही आहे. आणि टाकळ्याच्या बियाही आहेत. चीनमध्ये त्या भाजून पाण्यात उकळतात आणि डोळ्यांसाठी चांगल्या म्हणून चहासारख्या पितात. कुरडूच्या बियाही चिनी औषधांत डोळ्यांच्या विकारांवर वापरल्या जातात. जोगेश्वरीच्या फुटपाथवर वाट्याने विकली जाणारी पालेभाजी दुसऱ्या देशाच्या औषधकोशात आहे.

तोडणं, काढणं, जोडणं

वनस्पतीत गुण असतो एवढ्यावर ती औषध होत नाही. ती कधी तोडायची, तिच्यातलं काय काढून टाकायचं आणि तिला कशाची जोड द्यायची, या तीन गोष्टींत पाड्यावरच्या बाईचं कसब आहे.

वेळेचं गणित टाकळ्यात दिसतं. पहिल्या पावसानंतर उगवलेली कोवळी पानंच भाजीला घेतात. कांदा, लसूण, भिजवलेली डाळ आणि वरून ओलं खोबरं एवढ्यावर भाजी होते. पान मोठं झालं की ते राठ होतं, वास उग्र होतो, मग त्याला कोणी हात लावत नाही. आयुर्वेदाने या झुडपाला चक्रमर्द म्हटलं आहे आणि गजकर्णासारख्या त्वचारोगांवर ते सांगितलं आहे. पावसाच्या दमट दिवसांत, कातडीचे विकार बळावतात नेमके तेव्हाच ही भाजी ताटात येते.

काढून टाकण्याची कला शेवळांत आहे. शेवळं ही सुरणाच्या कुळातली. मातीतून वर येणारा हा कोंब तसाच शिजवला तर घसा असा खाजतो की पाणी गिळवत नाही. त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून वरची आवरणं सोलतात, आतला पिवळा भाग फेकून देतात, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परततात आणि काकडाचा आंबट रस घालून शिजवतात. काकडाचं झाडही त्याच सुमाराला फळतं, त्यामुळे दोन्ही एकाच पाटीत येतात. काकड नसेल तर चिंच किंवा कोकम चालतं, पण आंबटाशिवाय शेवळं होत नाहीत. याच कुळातला बानशिया नावाचा कंद चिनी वैद्य खोकल्या-कफावर वापरतात. तोही कच्चा घशाला बाधतो, म्हणून आलं आणि तुरटी किंवा चुना यांत मुरवून त्याची शुद्धी करतात. हजारो मैलांच्या अंतरावर एकाच अडचणीला माणसांनी दोन स्वयंपाकी उत्तरं शोधली.

करांद्यात चूक झाली तर ती घशापुरती राहत नाही. वेलीला हवेत लटकणारे हे कंद काही जातींत खूप कडू असतात. पाड्यांवर ते चिरून राखेच्या पाण्यात उकळतात, ते पाणी टाकतात, वाहत्या पाण्यात ठेवतात आणि मगच खातात. याच वेलीचा जमिनीतला कंद चिनी औषधांत गलगंडासाठी वापरतात आणि त्याच्या अतिसेवनाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी तिथल्या वैद्यकात आहेत. अन्न, औषध आणि विष यांच्यामधली रेषा इथे फक्त राखेच्या पाण्याने आखलेली आहे. ‘नैसर्गिक आहे, मग काय होणार’ असं म्हणणाऱ्याने करांद्याकडे जरूर पाहावं.

जोडीचं आणि वाटणीचं ज्ञानही असंच बारीक आहे. भारंगीचा पाला कडू, म्हणून उकडून पिळून घेतात. तिचं मूळ आयुर्वेदात श्वास-खोकल्यावर आहे, घरात मात्र पान आणि फूल येतं. कुड्याची साल हे आमांशावरचं जुनं औषध, पण भाजी होते ती फुलांची आणि शेंगांची. कुलूचं पान भाजीला आणि त्याच वंशातल्या सफेद मुसळीचं मूळ औषधाला. या मुसळीच्या शास्त्रीय नावात ‘बोरिविलियानम’ हा शब्द आहे, कारण शास्त्रज्ञांनी तिची ओळख बोरिवलीच्या जंगलातून पटवली. झाडाचा तीव्र भाग आजाऱ्यासाठी आणि सौम्य भाग रोजच्या ताटासाठी, अशी ही वाटणी आहे.

सणांनीही हे ज्ञान सांभाळलं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून त्या दिवशी रानातल्या आणि परसातल्या भाज्यांची व कंदांची एकत्र भाजी होते. वर्षातून एकदा तरी ही चव शहरी घराच्या ओळखीची राहते ती त्यामुळे.

पाटीमागची जमीन

आरेची दूध वसाहत १९४९ मध्ये वसली. तीन हजार एकरांहून मोठ्या या जागेवर वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांचे पाडे त्याआधीपासून होते. केलटी पाडा, खांबाचा पाडा, प्रजापूर पाडा ही त्यांतली काही नावं. गोठे आले, चित्रनगरी आली, रस्ते रुंद झाले. मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा मुंबईकर रस्त्यावर उतरले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली. २०२० मध्ये राज्य सरकारने आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव जंगल करण्याचं जाहीर केलं.

त्या वादात झाडं मोजली गेली. टाकळा, शेवळं, कुलू कुणी मोजले नाहीत, कारण ही पावसाळी उगवण कोणत्याही झाडांच्या यादीत बसत नाही. माती सपाट करून वर काँक्रीट ओतलं की जमिनीतला कंद संपतो आणि त्याच्याबरोबर तो ओळखणारी नजरही पुढच्या पिढीत संपते. पाड्यावरची मुलगी शाळेत जाते, नोकरी धरते, हे हवंच आहे. पण आईला येतं ते तिच्या शाळेत कुठेच शिकवलं जात नाही.

राज्याचा कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. त्याचं स्वागतच करायला हवं. त्याहून पुढचं पाऊल म्हणजे महाराष्ट्राची स्वतःची यादी. कोणती भाजी, कोणत्या महिन्यात, कोणता भाग, कशी शुद्ध करून आणि कुणी खाऊ नये, हे पाड्यावरच्या बायकांकडून ऐकून, प्रयोगशाळेत तपासून, त्यांच्या नावाने आणि त्यांचा हक्क राखून छापलेली यादी. चीनला जे ८७ पदार्थांपासून सुरू करता आलं, ते आपल्याला वीस भाज्यांपासून नक्की करता येईल.

वाचकांना एवढंच सांगणं. यंदा पावसात जोगेश्वरीच्या बाजारात गेलात तर पाटीपाशी थांबा. घासाघीस करू नका. भाजी कशी करायची ते विचारा आणि घरी येऊन लिहून ठेवा. स्वतः रस्त्याकडेची पानं तोडायला जाऊ नका, सारख्या दिसणाऱ्या वनस्पती फसवतात. दुखणं वाढलं तर डॉक्टरकडेच जा, रानभाजी त्याची जागा घेत नाही. आणि आरेच्या जमिनीचा पुढचा निर्णय होईल, तेव्हा झाडांबरोबर या भाज्यांच्या आणि त्या ओळखणाऱ्या बायकांच्या बाजूनेही बोला.