दप्तरातील भ्रमणध्वनी

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. भारतातील हे पहिले भ्रमणध्वनी-संभाषण होय. त्या काळी भ्रमणध्वनी ही श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू होती. आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. आज तो शेतमजुराच्या खिशात, भाजीवाल्याच्या गाडीवर आणि विद्यार्थ्याच्या दप्तरातही येऊन पोहोचला आहे. शाळेने त्याला आत घ्यावे की दारातच अडवावे, हा प्रश्न त्यामुळे घरोघरी चर्चिला जातो.

भ्रमणध्वनी जवळ असावा असे म्हणणाऱ्या पालकांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. दूरच्या गावाहून बसने किंवा आगगाडीने ये-जा करणाऱ्या मुलामुलींची काळजी घरच्यांना असते. गाडी चुकली, पावसाने रस्ता बंद झाला, शाळा उशिरा सुटली, तर एका निरोपाने आईचा जीव भांड्यात पडतो. आई-वडील दोघेही कामावर जात असतील, तर ही गरज अधिकच जाणवते.

शिक्षकांची अडचण वेगळी आहे. अभ्यासाला एकाग्रता लागते आणि भ्रमणध्वनी नेमका तिच्यावरच घाला घालतो. गणित सोडवताना आधीच्या पायऱ्या मनात धरून ठेवाव्या लागतात. मध्येच संदेश आल्याचा आवाज झाला की तो धागा तुटतो. संदेश वाचण्यास क्षणभरच लागला, तरी तुटलेला धागा पुन्हा हाती येण्यास कितीतरी अधिक वेळ जातो. शिवाय परीक्षेतील गैरप्रकार, वर्गमित्रांची त्यांच्या नकळत काढलेली छायाचित्रे आणि त्यांतून होणारी चेष्टा, हेही प्रश्न आहेतच.

या प्रश्नाचा काही ठिकाणी पद्धतशीर अभ्यास झाला आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०१५ साली इंग्लंडमधील चार शहरांतील शाळांच्या निकालांची पाहणी प्रसिद्ध केली. भ्रमणध्वनीवर बंदी आल्यानंतर निकाल सुधारल्याचे तीत आढळले. मात्र ही सुधारणा मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांची होती. हुशार विद्यार्थ्यांच्या गुणांत फरक पडला नव्हता. पुढे स्वीडनमध्ये अशाच पाहणीत बंदीचा असा लाभ दिसून आला नाही. म्हणजेच केवळ बंदीने सर्वत्र सारखेच फळ मिळते असे नाही. तरीही फ्रान्सने २०१८ साली कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत भ्रमणध्वनीच्या वापरास मनाई केली.

याची दुसरी बाजू २०२० साली जगापुढे आली. करोनाच्या साथीमुळे भारतभर शाळा बंद झाल्या आणि भ्रमणध्वनी हाच वर्ग झाला. ‘असर’ या पाहणीनुसार, ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी २०१८ साली स्मार्टफोन होता; २०२० साली हे प्रमाण सुमारे ६२ टक्के झाले. वाढ मोठी खरी. परंतु उरलेल्या मुलांच्या घरी तो नव्हताच. जिथे होता, तिथेही अनेकदा एकच फोन भावंडांत वाटून घ्यावा लागे आणि वडील कामावर निघाले की तोही त्यांच्याबरोबर जाई. याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून फोनद्वारे पाठ मुलांपर्यंत पोहोचवण्याचे काम त्यांनी केले होते.

या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या, तर एक गोष्ट स्पष्ट होते. वर्गातील भ्रमणध्वनीमुळे सर्वाधिक नुकसान होते ते मागे पडलेल्या विद्यार्थ्याचे; आणि घरी तो नसल्यामुळे शिक्षणाला मुकतो तोही बहुधा तोच. ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्याला वर्गातला प्रत्येक तास मोलाचा असतो. म्हणून नियम करताना याच विद्यार्थ्याचे हित आधी पाहिले पाहिजे.

भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ साली परिपत्रक काढून शाळांतील भ्रमणध्वनीवर निर्बंध घातले. पुढे २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सरसकट बंदी योग्य मानली नाही. विद्यार्थ्याला फोन शाळेत आणण्यास मनाई नसावी. पण शक्य तेथे तो आल्याबरोबर जमा करून घ्यावा, वर्गात वापरू देऊ नये आणि शाळेचे धोरण पालक, शिक्षक व तज्ज्ञ यांच्या विचाराने ठरवावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने दिली. फोन जवळ असणे आणि तो वापरणे या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या झाल्या. पालकांची काळजी पहिलीने मिटते; शिक्षकांची अडचण दुसरीवरील बंधनाने दूर होते.

परंतु शाळेची घंटा झाल्यावर काय? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने याचे उत्तर २०२२ साली आपल्या परीने शोधले. करोनाकाळात मुलांना लागलेली फोनची सवय सुटेना, तेव्हा गावाने एकत्र येऊन ठराव केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरी फोन व दूरदर्शन संच बंद करायचे आणि मुलांनी दीड तास वाचन-लेखन करायचे. या नियमाचे वैशिष्ट्य असे, की तो केवळ मुलांसाठी नव्हता. आईनेही फोन बाजूला ठेवायचा होता आणि वडिलांनीही.

शाळेतील नियमालाही हाच न्याय लागू आहे. शिक्षकांच्या हातात फोन आणि विद्यार्थ्यांना मात्र मनाई, असा नियम फार काळ टिकत नाही. जो नियम मोठेही पाळतात, त्याचे कारण मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणि कारण समजलेला विद्यार्थी पाहणारे कोणी नसतानाही फोन बाजूला ठेवून पुस्तक उघडू शकतो.