बुडालेल्या शिवारावरून

वैनगंगेवर एकट्याने नाव वल्हवीत जावे आणि एक रात्र काठावर काढावी, ही इच्छा निवृत्तीनंतर पूर्ण झाली. भंडाऱ्याहून निघालो. ढिवर बांधवांचे डोंगे, पसरलेली जाळी, मोटारबोटी यांतून वाट काढताना हात भरून आले. मोटारबोटीची लाट आडवी आली की लहान नाव उलटू पाहते. टोक लाटेकडेच वळवावे लागते.

आंभोऱ्यास कन्हान मिळते आणि पुढे गोसीखुर्द धरणाचा जलाशय पसरतो. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली, तेव्हा मी याच भागातील शाखेत पीककर्जाचे अर्ज तपासत होतो. सातबारा, बांध, विहिरी पाहून सह्या केल्या होत्या. आता पाण्यातून वर आलेले वाळके खोड दिसले आणि आपण कोणाच्या तरी धानाच्या बांधीवरून चाललो आहोत, हे ध्यानी आले. वल्हे थांबले.

सूर्यास्तापूर्वी तंबू ठोकून भाकर-पिठले उरकले. पाणी घरूनच नेले होते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इथेच येते. अंधार पडता एका वृद्ध ढिवराने डोंगा काठाला लावला.

"सायेब, ब्यांकेवाले न तुमी?"

त्याचे गाव पुनर्वसनात गेले. घराची जागा मात्र तो अजूनही पाण्यावर नेमकी दाखवितो.