सायकलची फ्रेम बनवताय? मग सीट ट्यूबच्या भोकाकडे आधी बघा

आपल्या मोहल्ल्यात वेल्डिंगची आणि फॅब्रिकेशनची कामं करणारी बरीच पोरं आहेत. गेट, ग्रिल, जिना, हातगाडी, सगळं करतात. हात चांगले आहेत, माशाअल्लाह. त्यातली काही आता सायकलची फ्रेम स्वतः बनवून बघतात. नळ्या कापायच्या, कोन जुळवायचे, जोड मारायचे, इथपर्यंत बहुतेकांचं ठीक जातं. घोडं अडतं ते सीटपोस्ट बसवताना. दुकानात त्याला कोणी सीट पिलर म्हणतं, कोणी नुसता सीटचा पाईप. हा लेख त्याच एका गोष्टीवर आहे.

आम्ही पहिली फ्रेम केली ती भाच्यासाठी, शाळेला जायला. रंग लागल्यावर कळलं की पोस्ट आतच जात नाही. गोल कानस घेतली आणि घासत बसलो. एका बाजूने जास्त घासलं गेलं, भोक सैल झालं. मग कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला आणि क्लॅम्प जोर लावून आवळला. पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी उतारावर सीट फिरली आणि पोरगा पडला. मनगटाला प्लॅस्टर. बाजीने आम्हाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण चूक आमचीच होती.

आता माप समजून घेऊ. स्टीलच्या फ्रेमची सीट ट्यूब बहुतेक वेळा बाहेरून 28.6 मिलिमीटर असते, म्हणजे सव्वा इंचाला थोडी कमी, 1 इंच आणि 1 सूत. वरच्या टोकाला नळीची जाडी 0.6 असेल तर दोन्ही बाजूंची मिळून 1.2 गेली, आतला व्यास राहिला 27.4. त्यात 27.2 चा पोस्ट बसतो. 27.2 हे माप सगळीकडे मिळतं, म्हणून फ्रेम बनवणारे तेच धरून चालतात. साध्या 0.9 जाडीच्या नळीत आतला व्यास 26.8 होतो, तिथे 27.2 चा पोस्ट शिरणारच नाही. पोस्ट 0.2 च्या टप्प्याने मिळतात, 26.6, 26.8, 27.0 असे. त्यामुळे नळी घ्यायच्या आधी कोणता पोस्ट घालणार ते ठरवा. आधी नळी, मग पोस्ट शोधत हिंडणं, हा उलटा कारभार आहे.

सायकलसाठी खास बनवलेल्या नळ्यांना एक टोक जाड असतं, एक पातळ. जाड टोक खाली, पेडलच्या बाजूला. म्हणजे भोक खाली जाऊन अरुंद होतं. नळी वरून कापायची आणि किती कापायची, हे बघूनच करवत चालवा. नाहीतर पोस्ट अर्ध्यात अडकतो.

मग 27.4 च्या भोकात 27.2 चा पोस्ट सरळ का जात नाही? कारण आच. आडवी दांडी आणि मागचे दोन बारीक पाईप याच टोकाला येऊन मिळतात. तीन-तीन जोड एका ठिकाणी. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. गोल भोक अंडाकृती होतं. टिग वेल्डिंग असेल तर आत अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पितळेचा गोल रॉड घाला, तो आच पितो आणि आकार धरून ठेवतो. एकाच बाजूने सलग टाका मारू नका, समोरासमोर थोडं थोडं मारा. आणि पाणी ओतून थंड करायची घाई नको. आपोआप थंड होऊ द्या.

एवढं करूनही थोडं वाकडं होतंच. त्याला इलाज रीमर, कानस नव्हे. कानस जिथे हात दाबेल तिथे खाते, रीमर सगळीकडून सारखं काढतो. कटिंग ऑइल भरपूर घाला. फिरवायचं एकाच दिशेने, बाहेर काढतानासुद्धा. उलटा फिरवला की धार जाते आणि बुरादा नळीत ओरखडे पाडतो. मागे-पुढे सरकणाऱ्या पात्यांचा रीमर असेल तर दर वेळी अगदी थोडा उघडा. 27.2 च्या पोस्टला भोक 27.2 ते 27.3 मध्ये यायला हवं. व्हर्निअरने तोंडाशी दोन दिशांनी मोजा, पण व्हर्निअरचं टोक खोल पोचत नाही. खरी परीक्षा पोस्टचीच. पुसून, कोरडा पोस्ट हाताने आत घाला. थोडा दाब लागला पाहिजे, पण हातोडी नको. आत गेल्यावर वरचं टोक हलवून बघा, डुगडुगला तर भोक मोठं झालंय.

क्लॅम्पसाठी फट शक्यतो रीमिंगनंतर कापा, कारण सरळ पात्यांचा रीमर फटीत अडकतो. फट जिथे संपते तिथे आधी 3-4 मिलिमीटरचं गोल भोक पाडा. ते नसेल तर कोपऱ्यातून तडा सुरू होतो. कडा आतून साफ करा, नाहीतर प्रत्येक वेळी पोस्ट सोलला जाईल.

इथेच आमची मूळ चूक होती. क्लॅम्प आवळून सैल भोक भरून निघत नाही. क्लॅम्प फक्त वरची कड धरतो, खालचं टोक आत हलत राहतं, आणि पोस्ट किंवा नळी तिथेच थकते.

पोस्टवर किमान खोलीची खूण असते, ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. शिवाय पोस्टचं खालचं टोक आडव्या दांडीच्या जोडाच्या खाली गेलं पाहिजे. उंच माणसासाठी सीट वर न्यायची असेल तर लांब पोस्ट घ्या, खूण बाहेर काढू नका. पाण्याच्या बाटलीचा स्क्रू आत जास्त आला असेल तरी पोस्ट अडतो, तेही बघून घ्या.

स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट असेल तर ग्रीस लावूनच बसवा. कोकणातल्या भाईंनी तर नक्कीच. खारी हवा आणि चार महिने पाऊस, दोन धातू एकमेकांना असे चिकटतात की पोस्ट कापूनच काढावा लागतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा पोस्ट बाहेर काढा, पुसा, नवीन ग्रीस लावा.

नवी सायकल मुलाच्या हातात देण्याआधी पोस्टवर फ्रेमच्या कडेला टेपची पट्टी चिकटवा. आठवड्याने बघा. पट्टी खाली सरकली किंवा सीट फिरली असेल तर क्लॅम्प अजून आवळू नका, पोस्ट बाहेर काढून भोक पुन्हा मोजा.