मिरजेतल्या संग्रहालयात काय असावे?

सामाजिक सलोख्यासाठी संग्रहालये काय करू शकतात, यावर लिहा, असे संपादकांनी सांगितले आणि मी थेट मिरज गाठली. दोन जमाती गुण्यागोविंदाने राहतात हे काचेच्या कपाटात कसे दाखवणार, हा प्रश्न मनात होता. त्याचे उत्तर मिळाले तर सतारी-तंबोरे घडवणाऱ्या सतारमेकर गल्लीतच मिळेल, असे वाटत होते.

गल्लीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. शिकलगार हे हत्यारे घडवणारे, त्यांना धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार वाद्यदुरुस्तीकडे वळले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी गाण्याबजावण्याला आश्रय दिला होता. दुरुस्ती करता करता नवी वाद्ये घडू लागली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मी मात्र अडकलो ते जवारीपाशी. एका दुकानात वयस्कर कारागीर मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसले होते. तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर निसटती घासते, म्हणून एका तारेतून अनेक स्वर फुटतात; हीच जवारी. कारागिरांनी तार सैल करून बाजूला सारली, कानशीचा हलका हात फिरवला, तार पुन्हा चढवली, छेडली, ऐकली. मान हलवली. पुन्हा सैल केली. मला पहिल्याच वेळी सूर सुरेख वाटला होता. "अजून बंद हाय," ते म्हणाले. "चाचा, कसं कळतं?" म्हणून विचारले, तर त्यांनी डोळे मिटून कानाकडे बोट केले. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि तंबोरा खुलला. हे काम एकदा करून संपत नाही. तार घोडीला चरे पाडते, जवारी बसते, ती पुन्हा काढावी लागते.

इथल्या एकेका वाद्यात किती जणांचे हात आहेत! भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याचा, घडण मुसलमान कारागिराची, आणि तयार झालेली वीणा भजनी मंडळाच्या गळ्यात. त्याच मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे मजारीवर चढवायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाकडे असतो. 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत वारलेले गायक अब्दुल करीम खाँ याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. त्यांची गायकी पुढे नेली ती कुंदगोळच्या रामभाऊंनी, म्हणजे सवाई गंधर्वांनी. खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा भरते. संग्रहालयात हे मांडायचे ठरवले, तर सलोख्याचा उपदेश करणारा फलक लावायची गरजच पडणार नाही.

पण एवढेच मांडले, तर ते अर्धसत्य होईल. याच मिरजेत 2009 च्या गणेशोत्सवात अफजलखान वधाच्या देखाव्यावरून दंगल पेटली. ज्या गावात हे मानपान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तिथे हे घडले. संग्रहालयाने ते झाकले, तर गावकरी त्यावर विश्वास ठेवणार नाहीत. अफजलखान वधाच्या त्या प्रतापगडाच्या प्रसंगात खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि शिवाजी महाराजांच्या सोबतच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. एवढ्या दोन नावांनीही पाहणारा थबकेल. कटू इतिहास न झाकण्याची हिंमत केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयाने दाखवली आहे. वर्णद्वेषी सरकारने साठ हजारांहून अधिक माणसे जिथून हुसकावली, त्या वस्तीचा नकाशा 1994 पासून तिथे जमिनीवर अंथरला आहे आणि जुने रहिवासी त्यावर आपल्या घराची जागा लिहितात.

मिरजेत हे करायचे तर अडचणी कमी नाहीत. मोबाइलमधला तंबोरा फुकट वाजतो. जवारी शिकायला वर्षे लागतात आणि मिळकत बेताची, म्हणून मुले दुसऱ्या नोकऱ्या शोधतात. काचेमागे ठेवलेल्या तंबोऱ्याची जवारी कुणी काढत नाही, त्यामुळे संग्रहालय उभे राहिले आणि गल्ली ओस पडली, तर वाद्य उरेल आणि विद्या जाईल. मोठी भीती वेगळीच आहे. असले संग्रहालय सरकारी समितीच्या हाती गेले, की 2009 चे पान आधी वगळले जाईल आणि मग कुणाच्या तरी दबावाखाली गलेफाचेही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. संग्रहालयात कारागिराला पगारी जागा द्या, त्याच्या हाताखाली सर्व जातिधर्मांची मुले बसवा, आणि शाळेच्या सहलींना तिथे तास-दोन तास थांबू द्या. शेजाऱ्याच्या हातचे काम जवळून पाहिलेले मूल उद्या मोठे होऊन त्याच्या घरावर दगड उचलताना निदान एकदा विचार करील. दंगल रोखण्याची हमी यातून मिळत नाही, पण तो विचार रुजवायला मिरजेइतके सोयीचे गाव मला दुसरे दिसत नाही.