बल्ब बदलला म्हणून वॉरंटी गेली?

नवी गाडी घेतली की तिच्याबरोबर हमीपत्र, म्हणजे वॉरंटीची पुस्तिका मिळते. ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत उत्पादनातील दोषामुळे बिघडलेला भाग कंपनी फुकट बदलून देते. पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत अपवाद दिलेले असतात. गाडीत फेरफार केले किंवा बाहेरचे भाग बसवले तर वॉरंटी मिळणार नाही, हा त्यांतला नेहमीचा अपवाद. भांडणाला सुरुवात होते ती येथे. वाद कायद्याचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी विज्ञानातला एक जुना प्रश्न आहे. अमुक बिघाड अमुक बदलामुळेच झाला, हे कशावरून ठरवायचे?

समजा, बाभुळगावच्या एका गृहस्थांनी नवी मोटार घेतली. रात्री धामणगाव किंवा यवतमाळकडे जाताना गावाबाहेर अंधार असतो. कापसाच्या हंगामात अचानक पुढे बंडी येते आणि तिला मागे दिवा नसतो. म्हणून त्यांनी हेडलाइटचे ६० वॉटचे बल्ब काढून बाजारातले १०० वॉटचे बसवले. सहा महिन्यांनी हेडलाइटची वायर जळाली. त्याच सुमारास गिअरबॉक्समधूनही आवाज येऊ लागला. सर्व्हिस सेंटरने दोन्ही कामे नाकारली. कारण एकच सांगितले, ‘बल्ब बाहेरचे आहेत.’ हा नकार योग्य आहे का?

प्रथम वायरीचा हिशेब करू. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. वॉटला व्होल्टने भागले की विद्युतप्रवाह मिळतो. ६० वॉटच्या दोन बल्बांना मिळून १० अँपिअर प्रवाह लागतो, तर १०० वॉटच्या दोन बल्बांना जवळजवळ १७ अँपिअर. प्रवाह पावणेदोन पटींच्या आतच वाढला, म्हणून बिघडले कुठे, असे वाटेल. पण वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे त्याच वायरीत आता सुमारे २.८ पट उष्णता निर्माण होते.

येथे फ्यूज गाडीला वाचवतो. दोन्ही दिव्यांना मिळून १५ अँपिअरचा फ्यूज असेल, तर १७ अँपिअरवर तो लगेच नाही तरी केव्हातरी वितळेल. काही जण मग त्या जागी २५ किंवा ३० अँपिअरचा फ्यूज घालतात. फ्यूज जाण्याचे थांबते, पण आता सर्वांत कच्चा दुवा वायर हाच उरतो. जे काम फ्यूजने करायचे, ते वायर करते, म्हणजे जळते.

वर्गात हे सहज दाखवता येते. भांडी घासायच्या तारेच्या घासणीतील एक बारीक तंतू घ्या. टॉर्चच्या एका सेलच्या दोन टोकांना क्षणभर जोडा, मग एकापुढे एक ठेवलेल्या दोन सेलना जोडा. तंतू किती लवकर लाल होतो, ते मुलांना पाहू द्या. तंतू चिमट्याने धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि कागद दूर ठेवा. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.

मग वायरीबद्दलचा नकार बरोबर ठरला का? तसा तर्क सबळ आहे, पण निकाल देण्याआधी खुणा पाहायला हव्यात. जास्त प्रवाहाने तापलेल्या वायरीचे आवरण साधारणपणे लांबवर मऊ पडते. सैल जोडामुळे तापली असेल तर ते जोडापाशीच काळवंडते. उंदराने कुरतडली असेल तर दातांच्या खुणा सापडतात. आणखी एक शक्यता अशी की, मेकॅनिकने बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणि रिले टाकून हे बल्ब बसवले असतील. तेव्हा जुन्या वायरीतून रिलेपुरता अगदी थोडा प्रवाह वाहतो. अशी जुनी वायर जळाली तर बल्बला दोष कसा देणार? बदल तोच, पण उत्तर उलटे.

गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि हेडलाइट यांत मात्र असा दुवा दाखवता येत नाही. तेथे ‘बल्ब बाहेरचे आहेत’ हे विधान खरे असले, तरी ते नकाराचे कारण होऊ शकत नाही.

सगळी प्रकरणे इतकी सरळ नसतात. मूळ चाकांपेक्षा १० टक्के जास्त व्यासाची चाके घातली, तर गाडी तेवढ्याच फेऱ्यांत १० टक्के जास्त अंतर जाते. काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६६ असतो. मीटरवर ४०,००० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी ४४,००० धावलेली असते, म्हणजे वॉरंटीची मोजपट्टीच बदलली. शिवाय चाक तेवढ्याच जोराने ढकलायला आसावर १० टक्के जास्त पीळ पडतो. येथे गिअरबॉक्सशी संबंध संभवतो. मात्र संभवतो आणि सिद्ध झाला यांत फरक आहे. तो भाग उघडून पाहूनच ठरेल.

हाच विचार भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात दिसतो. आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला. सुटे भाग खुल्या बाजारात न देणे आणि बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी नाकारणे, हे त्यातले मुद्दे होते. महाराष्ट्रात कारखाने असलेल्या टाटा मोटर्स आणि महिंद्र या कंपन्याही त्यांत होत्या. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने म्हटले. या आदेशाविरुद्ध कंपन्यांनी अपिले केली. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानेही, कंपनीचाच भाग वापरा अशी अट वॉरंटीला जोडण्यावर बंधन घातले आहे.

अर्थात यामुळे हवे ते बदल करायची मोकळीक मिळत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांवर मर्यादा घालते. समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा वॉरंटीत बसला, तरी रस्त्यावर धोकादायकच असतो. हा प्रश्न वेगळा आणि वॉरंटीचा वेगळा.

तक्रार करायची वेळ आली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. आपल्या बाभुळगावकरांसाठी ते यवतमाळ. मुदत दोन वर्षांची असते. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल, तर आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून जळालेला भाग फेकू नये. काढलेले मूळ भाग, नव्या भागाचे बिल आणि तारखेसह छायाचित्रे जपावीत. नकार लेखी मागावा आणि त्यात ‘कोणत्या बदलामुळे कोणता भाग कसा बिघडला’ हे लिहून द्यायला सांगावे.

नववी-दहावीच्या वर्गाला ही दोन उदाहरणे द्या. एका गटाने कंपनीची बाजू घ्यावी, दुसऱ्याने ग्राहकाची. अट एकच: प्रत्येक विधानापुढे ‘हे कशावरून?’ याचे उत्तर द्यायचे. वर्गाचे सूत्र पाठ असलेली मुलेही येथे अडतील. अडू द्यावीत. पुराव्याची गरज त्यांना तेथेच कळेल.